मटारच्या दिवसांतली मुलाखत

“बाहेर जा. परत बाहेर जा! हे काय येणं झालं? नोकरी मागायला आला का गॅसचं सिलिंडर ठेवायला आला?”

बाबा ओरडत होते. बाबा ओरडले की जबलपुरातल्या अधारतालच्या आमच्या गल्लीत झोपलेली कुत्री उठून बसत, सायकलवाले पायडल मारायचे थांबत, आणि समोरच्या तिवारी चाचांच्या रेडिओचं स्टेशन आपोआप बदलत असे. यातलं शेवटचं मी स्वतः पाहिलेलं आहे. बाकीचं माझ्या भरवशावर घ्या.

ज्याच्यावर ओरडणं चाललं होतं तो माझा थोरला भाऊ, विनूदादा. मिशी होती, डिप्लोमा होता, डोक्यावरचे केस निघून जायच्या तयारीत होते. तो बाहेर गेला. दार ओढून घेतलं. मग दोन बोटांनी टकटक केली आणि म्हणाला, “मे आय कम इन, सर?”

आत पुण्याच्या कंपनीची निवड समिती बसली होती. म्हणजे आम्हीच. जमिनीवर जुनी चादर, चादरीवर मटारच्या शेंगांचा डोंगर, डोंगराच्या एका पायथ्याशी आई, दुसऱ्या पायथ्याशी मी, दिवाणावर मांडी घालून अध्यक्ष बाबा. दारालगत पाहुणे तज्ज्ञ म्हणून तिवारी चाचा. ते रेल्वेतून रिटायर झाले होते आणि कुठल्याही नोकरीच्या मुलाखतीत देशातला सगळ्यात लांब प्लॅटफॉर्म विचारतातच, अशी त्यांची श्रद्धा होती. घरात धड खुर्ची एकच. ती उमेदवाराला. त्यामुळे आमच्याकडे नोकरी मागणारा उंचावर बसायचा आणि देणारे खाली बसून, त्याच्या बुटांकडे बघत, मटार सोलायचे.

दादाचं आत येणं मनासारखं झालं की बाबा उठत आणि दाराच्या चौकटीवर खडूने बरोबरची खूण करत. नाही झालं की फुली. त्या हिवाळ्यात आमची चौकट एवढ्या फुल्यांनी भरली की पोस्टमनने आईला हळूच विचारलं होतं म्हणे, माताजी, घरात कुणावर करणी झाली आहे का.

ही जुनी गोष्ट आज आठवायचं कारण, काल सिहोऱ्याहून पोतं आलं. दरवर्षी थंडी हाडात शिरायला लागली की दादा तिकडून बसच्या टपावर मटारचं एक पोतं चढवून देतो. आमच्या इकडच्या मटारबद्दल मी काय सांगू. शेंग सिहोऱ्याच्या शेतात तडकते आणि तोंडाला पाणी जबलपुरात सुटतं. दाणा असा की घशात अडकून माणूस मेला तरी तक्रार करणार नाही. थंडी पडली की होळीच्या सुमारापर्यंत या शहरात दुसरं काही शिजत नाही. पोह्यात मटार, खिचडीत मटार, पराठ्यात मटार, कचोरीत मटार, आणि मटार वाटून केलेला तो हिरवागार निमोना. तो आई हिंदी शेजारणींकडून शिकली आणि त्यात वऱ्हाडी तिखट घालून त्यांनाच डोळ्यांत पाणी येईस्तोवर परत शिकवला.

पोत्याचं तोंड सोडलं की वास येतो. हिरवा, ओला, थोडा मातीचा. लोकांना कुठल्या कुठल्या वासांनी आपलं बालपण आठवतं. मला या वासाने पाठ ताठ करून बसावंसं वाटतं, नखं कापली आहेत का ते बघावंसं वाटतं. आणि मग नजर दाराच्या चौकटीकडे जाते.

त्यात यंदा वरच्या खोलीत भाड्याने राहणारी पल्लवी मुलाखतीची तयारी करते आहे. मोबाइल समोर उभा करून दुपारभर बोलते. छतातून आवाज झिरपतो. “अगर मैं अपने बारे में बताऊँ तो…” आणि मग ती सांगते. काय काय सांगते. कॉलेजच्या कार्यक्रमात तिने पाहुण्यांना पाणी दिलं होतं, ते ऐकताना वाटतं की भेडाघाटचा धबधबाच हिने उचलून हॉलमध्ये आणला. मी खाली बसून मान डोलावते. ही आपल्या पंथातली आहे. हिला नोकरी लागणार.

आई आता फार सोलत नाही. बोटं वळत नाहीत. नुसती शेंगांवरून हात फिरवत बसते आणि वरचं ऐकते.

“किती बोलते ही पोरगी,” काल ती म्हणाली. मग बऱ्याच वेळाने म्हणाली, “बरं आहे.”

बाबा लष्करी सामान बनवणाऱ्या फॅक्टरीत होते. जबलपुरात नुसतं फॅक्टरी म्हटलं की पुरतं. कुठली, हे ऐकणाऱ्याने समजून घ्यायचं असतं, आणि आत काय बनतं हे सांगणाऱ्याने सांगायचं नसतं. बाबा एक्झामिनर होते. म्हणजे दुसऱ्यांनी बनवलेली वस्तू मापाच्या साच्यात घालून पाहायची. बसली तर पास, नाही बसली तर बाद. एवढंच आम्हाला ठाऊक. कसली वस्तू, गोल का चौकोनी, पोळपाटाएवढी का सुईएवढी, हे त्यांनी उभ्या हयातीत सांगितलं नाही. लग्नानंतर पहिल्याच वर्षी आईने विचारलं होतं, तुम्ही दिवसभर तिथे काय करता. बाबा म्हणाले, नोकरी. आईने पुन्हा विचारलं नाही. ती म्हणते, माणूस बरा होता, बाकी विचारून काय करायचं होतं.

गेटच्या आतलं गेटच्या आत, हा आमच्या घरचा कुळाचार. देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णाचा नैवेद्य एखाद्या दिवशी चुकला असेल, हा नियम चुकला नाही. सकाळी भोंगा झाला की बाबा सायकल काढत. संध्याकाळी येत, पाय धूत, चहा घेत आणि हवापाण्याबद्दल बोलत. मात्र तपासणी त्यांच्या हातातून सुटली नव्हती. ताटातली पोळी उचलून तिची कड अंगठ्याने फिरवून पाहत. भाजीवाल्याची भेंडी उजेडात धरत. मी काढलेलं गणपतीचं चित्र त्यांनी एकदा कान लहानमोठे आहेत म्हणून बाद केलं होतं. मी म्हटलं, खऱ्या हत्तीचेही असतील. ते म्हणाले, मग तोही बाद.

शाळेत पोरं आपापल्या बापांच्या बढाया मारत. मला काही माहीत नव्हतं, त्यामुळे मला कसलीच अडचण नव्हती. माझे बाबा अशी तोफ बनवतात, मी सांगायची, की तिचा गोळा इथून सुटतो, कटनीला जाऊन संत्रं सोलतो आणि जेवायच्या सुट्टीपर्यंत परत येतो. पोरं तोंड उघडं टाकून ऐकत. कुणीतरी ते बाबांच्या कानावर घातलं. मी म्हटलं, आज गल्लीतली कुत्री उठणार. पण बाबा ओरडले नाहीत. जवळ बोलावून हळूच म्हणाले, “मुन्नी, असं बोलू नाही.” हे खोटं आहे, असं म्हणाले नाहीत. ते मी त्याच दिवशी ध्यानात ठेवलं आणि पुढच्या आठवड्यात गोळा रीवापर्यंत नेला.

दादाने कधी बढाई मारली नाही. आमच्या घरात बोलण्याची वाटणी नीट झालीच नाही. सगळ्यांच्या वाट्याचं बोलणं मी घेऊन बसले आणि सगळ्यांच्या वाट्याचं गप्प राहणं दादाच्या पदरात पडलं.

डिप्लोमा झाल्यावर दादाही त्याच गेटच्या आत गेला. कायम म्हणून नाही, ठेकेदाराचा माणूस म्हणून. काम तेच, तपासणीचं. पाचसहा वर्षं केलं. बाबा तेव्हा रिटायर होऊन घरी बसलेले. रात्रीचं जेवण बापलेक समोरासमोर बसून करत. आतलं दोघांनाही माहीत. मला वाटायचं, आता तरी हे दोघं आपसात बोलतील आणि मला चोरून ऐकायला मिळेल. ते बोलत. डाळीत मीठ कमी आहे, एवढं बोलत.

मग ठेका संपला आणि दादा घरी आला. पॉलिटेक्निकच्या पोरांना ड्रॉइंग शिकवायला लागला. पोरं येत, जात, पास होत, नोकरीला लागत आणि पेढे घेऊन परत येत. दादा त्यांचे पेढे खाई आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवी. आई आतल्या खोलीत जाऊन उगाच कपाट आवरायला लागे.

अशात त्या पुण्याच्या कंपनीची जाहिरात आली. गाड्यांच्या गिअरचे भाग बनवणारी कंपनी. तपासणी जाणणारी माणसं पाहिजे होती. वयाची अट होती, आणि येत्या उन्हाळ्यात दादा त्या अटीच्या पलीकडे जाणार होता. त्यानंतर कुठलीही कंपनी त्याला नव्याने घेणार नाही, हे घरात कुणी तोंडाने म्हटलं नाही, पण दिनदर्शिकेची पानं आम्ही सगळेच जरा जपून उलटत होतो. नागपूरकडच्या एका स्थळाकडून दादासाठी होकारही आलेला होता. त्याला शेपूट होतं, की नोकरीचं काय ते कळवा.

अर्ज टाइप करायला मी आणि दादा कमानिया गेटच्या गर्दीत एका कॉम्प्युटरवाल्याकडे गेलो. खाली खव्याच्या जिलबीचा घाणा, वर हा. त्याच्याकडून काढलेल्या प्रत्येक बायोडाटाला तुपाचा वास यायचा, आणि माझं ठाम मत आहे की शहरातल्या निम्म्या नोकऱ्या त्या वासावर लागल्या. त्याने भराभर नाव, पत्ता, मार्क घेतले आणि विचारलं, की फॅक्टरीत काय काय केलं, लिहवा. दादा म्हणाला, तपासणी. तो पुढच्या शब्दाची वाट बघत बसला. दादाही बसला. खाली जिलबीचे दोन घाणे उतरले.

“भैया,” तो शेवटी म्हणाला, “लोग छह महीने का छह पन्ना लिखवाते हैं. आप छह साल की एक लाइन?”

दादा ओशाळं हसला. ओळ एकच राहिली.

घरी बाबांनी कागद हातात घेतला, चारी कडांवरून अंगठा फिरवला, खिडकीच्या उजेडात धरला आणि पास केला. मी म्हटलं, बाबा, थोडं वाढवून लिहू.

“काहून? खोटं लिहायचं का?”

मी म्हटलं, खरंच लिहायचं, पण सगळं लिहायचं.

“सगळं लिहायचं नसते,” बाबा म्हणाले, आणि कागद दादाच्या हाती दिला. दादाने तो दोन्ही हातांनी घेतला.

तरी बोलावणं आलं. ते कळलं त्या दुपारी मी एवढ्या जोरात किंचाळले की… जाऊ द्या. किंचाळले.

त्या दिवसापासून आमचं घर म्हणजे परीक्षा केंद्र झालं. मी शाळेतून शिकवून परत येईपर्यंत आईने शेंगा पसरलेल्या असत. उन्हाचा पट्टा खिडकीतून आत येऊन चादरीवर पडायचा, सरकत सरकत खुर्चीच्या पायापर्यंत जायचा, आणि तोवर मुलाखत चालायची. शेंग फुटल्याचा टक्‌ आवाज, दाणे पातेल्यात पडल्याचा आवाज, आणि मध्ये बाबांचं ओरडणं. खांदे पाड. एवढे नको पाडू. बुटाची नाडी दोन्हीकडे सारखी पाहिजे. हात मिळवताना मेल्या मासोळीसारखा देऊ नको. तिवारी चाचांनी प्लॅटफॉर्म एवढ्यांदा विचारला, की दादा झोपेत उत्तर देत असे.

स्वतःबद्दल सांगा, हा प्रश्न माझा. मी पुण्याच्या बाईसारखी भुवई चढवून विचारायची. दादा नाव सांगायचा, वडिलांचं नाव, डिप्लोमा, वर्ष, आणि थांबायचा.

“इतने में तो राशन कार्ड भी नहीं बनता, बेटा,” तिवारी चाचा म्हणायचे.

मी त्याला शिकवायला बघितलं. अरे दादा, तू बोल की मी लहानपणापासून यंत्रांच्या आवाजावर झोपलो. बोल की माझ्या हातून एकही वाईट वस्तू निसटली नाही. तो ऐकायचा, मान हलवायचा, आणि परत नाव, वडिलांचं नाव, डिप्लोमा. मला जर कुणी त्या खुर्चीवर बसवलं असतं तर बरगी धरण मी सुट्टीच्या दिवशी हौसेखातर बांधलं होतं असं सांगून नोकरी घेऊन आले असते. पण खुर्चीवर मी नव्हते.

एकदा आईने प्रश्न विचारला. ती समितीत असूनही कधी बोलत नसे. शेंगेवरची नजर न उचलता तिने विचारलं, “विनू, तुला काय येते रे?”

दादा गोंधळला. बाबांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. पातेल्यात दाणे पडायचे थांबले.

“मला चूक दिसते,” तो म्हणाला.

म्हणजे कसं, असं कुणी विचारलं नाही. तोच पुढे बोलला, आणि त्याला सलग एवढं बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं. शंभर वस्तू सारख्या दिसणाऱ्या ठेवल्या, तर त्यात एक बिघडलेली असते ना, ती मला आधी दिसते. माप लावायच्या आधी. मग मी माप लावतो, कारण नुसतं दिसून चालत नाही. बस, एवढं येतं.

बाबा दिवाणावरून उतरले. खडू घेतला. चौकटीवर जागा उरली नव्हती, म्हणून दारावरच बरोबरची मोठी खूण केली. “हे चांगलं आहे,” ते म्हणाले. “हे सांगशील.”

त्या संध्याकाळी मटारची कचोरी झाली. तिवारी चाचांनी एवढ्या खाल्ल्या की त्यांना घरी न्यायला मालगाडी मागवावी लागली. नोकरी लागली की खव्याची जिलबी माझ्याकडून, असं बाबा म्हणाले. बाबांनी काही होण्याच्या आधी काही कबूल केलेलं मी त्यापूर्वी ऐकलं नव्हतं.

स्टेशनवर आम्ही सगळे गेलो. बाबांनी बॅगेची चेन दोनदा उघडबंद करून पाहिली. दादा पाया पडला. सूचना द्यायला बाबांनी तोंड उघडलं आणि मिटलं. गाडी सुटल्यावर परत येताना ऑटोत ते आईला म्हणाले, सगळं तपासून झालं आहे.

दादा परत आला त्या सकाळी आम्ही तिघं आणि तिवारी चाचा वाट बघत बसलो होतो. दार उघडंच होतं. तो बाहेर थांबला आणि दोन बोटांनी टकटक केली. सवय. बाबाही सवयीने म्हणाले, “कम इन.” मग दोघांनाही कसंतरी झालं.

त्याने बूट काढले, पाणी प्यायला, आणि खुर्ची सोडून आमच्यात खाली चादरीवर बसला. एक शेंग उचलली. सांगायला लागला. तीन जण होते. पिकल्या केसांच्या एक मॅडम मुख्य. आत जाणं बरोबर झालं. प्लॅटफॉर्म विचारला नाही. कागदावर एक भाग काढून दिला आणि माप कुठे कुठे घ्याल ते विचारलं, ते सगळं आलं. एका खोक्यात काही चकत्या दिल्या आणि म्हणाले, बघा. त्यातली बिघडलेली त्याने हाताने वेगळी ठेवली आणि मग माप लावून दाखवलं. मॅडमनी शेजारच्याकडे बघितलं. चहा मागवला. चहा मागवतात म्हणजे झालंच, असं बाहेर बसलेल्या पोरांनी त्याला सांगितलेलं होतं.

“मग?” मी विचारलं.

मग मॅडम हसून म्हणाल्या, की तुमच्या बायोडाटात फॅक्टरीची एकच ओळ आहे. एवढी वर्षं तिथे तुम्ही काय तपासत होता?

दादाने शेंग उघडली आणि दाणे पातेल्यात टाकले.

“मी म्हटलं, सांगता येणार नाही.”

त्यांना गंमत वाटली. मग त्यांनी समजावलं. गुपित नको आम्हाला. साधारण सांगा. केवढी वस्तू होती, कुठली यंत्रं वापरली, चुका कुठल्या निघाल्या, त्यावर तुम्ही काय केलं. दादा म्हणाला, माफ करा. तिसरा माणूस तोवर बोलला नव्हता. तो म्हणाला, मग तुम्ही तिथे काही केलं होतं हे आम्ही कशावरून मानायचं? दादाने कप खाली ठेवला. चहा अर्धा राहिला. थँक यू म्हणाले. तो उठला, खुर्ची जागेवर सरकवली, बाहेर आला आणि दार हळू ओढून घेतलं, आवाज न होता. बाबांनी शिकवलं होतं तसं.

मी चौकटीकडे बघत राहिले. एवढ्या खुणा. बूट, नाडी, खांदे, हात, प्लॅटफॉर्म. महिनाभर आम्ही या खोलीत सगळं विचारलं होतं आणि तो एक प्रश्न कुणी विचारला नव्हता. विसरलो म्हणून नाही. तो विचारतात, हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. तिवारी चाचांच्यासुद्धा नाही. या शहरात फॅक्टरीवाल्याच्या शेजारी जन्म काढलेला माणूस, तोही कधी ते विचारत नाही.

“अरे बेटा, बता देते,” तिवारी चाचा म्हणाले. “वहाँ कौन सा दुश्मन बैठा था.”

आई म्हणाली, आंघोळीचं पाणी काढलं आहे. बाबा उठून मागच्या अंगणात गेले आणि आता कुणी चालवत नसलेल्या सायकलची हवा बघत उभे राहिले.

कंपनीचं उत्तर आलं ते दोन ओळींचं. सभ्य भाषेत होतं. नागपूरहूनही कळवलं, तेही सभ्य भाषेत. उन्हाळा आला आणि वयाची मुदत निघून गेली. बाबांनी ओल्या फडक्याने चौकट पुसून घेतली, पण दारावरची ती मोठी खूण पुसायला कुणाचा हात गेला नाही. पुढे रंग दिला तेव्हा ती आपोआप गेली. आणि बाबांचं ओरडणं बंद झालं. मी अतिशयोक्ती करते, हे तुम्ही आतापर्यंत ओळखलंच असेल. इथे करत नाही. बंद झालं. काही पाहिजे असलं तर ते आता उठून स्वतः घेत. कुत्री निवांत झोपायला लागली. कधी कधी मीच मुद्दाम पोळी जाड लाटायची, की बाबा बाद करतील. ते खाऊन घेत.

ते गेले पावसाळ्यात. पुढचा मटार त्यांनी बघितला नाही. भेटायला फॅक्टरीतली जुनी माणसं आली. एकेक जण येऊन मान खाली घालून बसे. मला वाटलं, आता कुणीतरी सांगेल. एक म्हातारे काका म्हणाले, बड़ा पक्का आदमी था, हाथ में लेते ही बता देता था. मी विचारलं, काका, काय हातात घेऊन? त्यांनी पाण्याचा पेला उचलला, सगळं पाणी प्यायले, आईला नमस्कार केला आणि निघाले.

दादा पुन्हा कुठल्या मुलाखतीला गेला नाही. सिहोऱ्याच्या एका व्यापाऱ्याकडे लागला, तिथेच खोली घेऊन राहतो. हंगामात गावोगावचा मटार येतो, तो माल बघून प्रत ठरवायची, हे त्याचं काम. व्यापारी सांगतो, की विनूभैया पोत्याजवळून नुसते गेले तरी आतली किडकी शेंग स्वतःहून बाहेर येते. हे मी रचलेलं नाही. म्हणजे, सगळं मी रचलेलं नाही. शेतकरी त्याला घाबरतात आणि त्याच्याकडेच माल आणतात. एकटाच असतो. फोनवर मी विचारते, कसं चाललं आहे काम. तो म्हणतो, ठीक आहे. मी पुढचं विचारते. मी आता प्रत्येकाला पुढचं विचारते, हा मला लागलेला नाद आहे. तो म्हणतो, थंडी आहे.

वर पल्लवी परत सुरू झाली आहे. अगर मैं अपने बारे में बताऊँ तो. सांग बाई, सांग. दुप्पट करून सांग.

त्या वर्षीची एक गोष्ट राहिली. कंपनीचं उत्तर येऊन गेलं होतं आणि बाजारात शेंगा अजून होत्या. नर्मदा जयंती होती. ग्वारीघाटावर अशी गर्दी, की नर्मदेला स्वतःला काठावर यायला जागा नव्हती. फुलवाल्या ओरडत होत्या, नाववाले ओरडत होते, पंडे माईकवरून ओरडत होते, आणि त्यात आम्ही चौघं एका पायरीवर गप्प बसलो होतो. आईने नदीला ओटी वाहिली. बाबांनी पाण्यात पाय बुडवले. थंडीने त्यांचे पाय पांढरे पडले, तसा दादा एक पायरी खाली उतरला, पंचा घेतला आणि त्यांचे पाय पुसायला लागला.

बाबा दादाकडे बघत नव्हते. पलीकडच्या काठाकडे बघत होते. त्या गोंगाटात मला ऐकू आलं, कारण मी अगदी जवळ होते.

“विनू,” ते म्हणाले, “तू जे तपासत होता ना, त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. सांगितलं असतं तरी चाललं असतं.”

दादाने दुसरा पाय मांडीवर घेतला. बोटांच्या मधलं पाणी टिपलं. चप्पल पुढे सरकवून दिली.

“हे तुम्ही आधी नाही सांगितलं,” तो म्हणाला.